ड्राइव्हवेवरची भट्टी

सकाळी आठला खिडकीखाली हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज झाला आणि मी ताडकन उठले. जेटलॅग गेला खड्ड्यात! खाली माझा मावसभाऊ चारचाकी लोखंडी घोड्यापुढे गुडघे टेकून बसला होता आणि घोड्याच्या पोटात हातभर ज्वाळ घुमत होती.

"हाच तो गुन्हेगार," दादा ओरडून म्हणाला. "आज याला काढतोय."

गोष्ट 2018 च्या ऑक्टोबरमधली. गाव हिल्सबरो, ऑरेगॉन. पोर्टलंडपासून पश्चिमेला अर्धा-पाऊण तास. इथे इंटेलचे मोठाले कॅम्पस आहेत, त्यामुळे किराणा दुकानात मराठी कानावर पडलं तर दचकायचं नाही. आणि ऑक्टोबर म्हणजे पाऊस. आपल्यासारखा धो धो नाही, तर दिवसभर नाक गळावं तसा. पक्का पोर्टलंडकर छत्री घेत नाही, जॅकेटची टोपी ओढतो आणि चालू पडतो.

याच पावसाने सगळा घोळ केला होता. दादाला घरी बिअर करायचा नाद. अमेरिकेत हे कायदेशीर आहे. जिमी कार्टरनी 1978 मध्ये सही केली आणि दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरची मुभा मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा मात्र थेट 2013 पर्यंत अडून बसली होती. (महाराष्ट्रात विनापरवाना करायला जाल तर दारूबंदी कायद्याखाली आत जाल. तेव्हा हे नुसतं वाचा!)

मी पोचायच्या आठवडाभर आधी पाऊस आत येतो म्हणून दादाने गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून बर्नर पेटवला. गॅरेजच्या बरोबर वर बाळाची खोली. अर्ध्या तासात तिथला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला. वहिनी बाळाला उचलून तशीच अनवाणी रस्त्यावर. कुणाला काही झालं नाही. पण वहिनीने त्या रात्री एकच वाक्य सुनावलं, "भट्टी बाहेर, नाहीतर मी बाहेर."

या वायूला वास नसतो, रंग नसतो. गॅस नीट जळला तर तो फारसा तयार होत नाही. दादाने मात्र उष्णता वाया जाऊ नये म्हणून बर्नर टोपाच्या बुडाखाली जेमतेम दोन इंचांवर बसवला होता. ज्योत पुरी जळायच्या आधीच गार स्टीलवर आपटायची. वर शटर बंद, हवा कोंडलेली. बुडाला काजळी धरत होती, हे साहेबांना महिनाभर दिसत होतं. "घासून टाकायचो," तो म्हणाला. काजळी म्हणजे ज्योतीची तक्रार असते, ती घासायची नसते, हे मग शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ते निवृत्त वेल्डर.

तर भट्टी ड्राइव्हवेवर आली, आणि आता नवा बर्नर हवा. आम्ही पोर्टलंडला स्टाइनबार्टमध्ये गेलो. हे दुकान 1918 चं. गंमत म्हणजे ऑरेगॉनमध्ये दारूबंदी 1916 लाच लागली होती! आत माल्टचा भाजक्या धान्यासारखा वास, आणि हॉप्सची पाकिटं. त्यातला प्रसिद्ध कॅस्केड इथल्याच कॉर्व्हालिसच्या प्रयोगशाळेतून आलेला.

बर्नर दोन जातींचे. एक जेट. पितळी तोंडांचा झुबका, ज्वाळ एकाच जागी भसाभसा मारतो, घुमतो, आणि बुडाशी माल्ट करपायची भीती. दुसरा बँजो. बिडाचा, चपटा, दहा इंच रुंद, भोकाभोकांतून ज्योत पसरून देणारा आणि पुष्कळच शांत. खोक्यांवर दीड-दोन लाख बीटीयूच्या बढाया असतात. त्यांना भुलू नका. दादाचा एक टोप 45 लिटरचा. त्याला 66 वरून 100 अंशांवर न्यायला 60 हजार बीटीयूचा बर्नर, निम्म्याहून जास्त उष्णता हवेत गेली तरी, पंधरा-वीस मिनिटं घेतो. पुढचा तासभर नुसती उकळी राखायची असते. तिथे आग जास्त झाली की फेस उतू जातो, आणि उतू गेलेला माल्ट फरशीवर गुळाच्या पाकासारखा चिकटतो. बँजो ठरला.

बसवायला अख्खा शनिवार गेला. भरलेला टोप, खाली कापलेलं स्टीलचं पिंप, मिळून साठेक किलो उकळतं वजन. म्हणून घोड्याला जाड अँगल आणि खाली घट्ट चाकं. गॅल्व्हनाइज्ड लोखंड आजोबांनी हातातून काढूनच घेतलं. तापलं की जस्ताचा धूर होतो. बर्नर आडव्या पट्टीवर बोल्टने कसला. दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटला अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं पाडली, म्हणजे उंची बदलता येईल. चार इंचांवर ज्योत निळी, साडेचारवर निळी आणि स्थिर. साडेतीनला टोकं पिवळी. साडेचार पक्कं! वाऱ्यासाठी भोवती पत्र्याचं कडं, पण खालून हवेला जागा सोडून. रबरी नळी ज्योतीपासून लांब, खालून वळवून. सिलिंडर टोकाला, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, सखल जागी साचतो.

मग साबणाचा फेस प्रत्येक जोडावर. रेग्युलेटरपाशी एक बुडबुडा आला. बारीक, मोहरीएवढा. दादाने काही न बोलता जोड सोडला, परत कसला, परत फेस लावला.

संध्याकाळी पेटवली. यावेळी हेलिकॉप्टर नाही, मोठ्या स्टोव्हसारखी घरघर. वर उकळायला लागलं तरी सिलिंडरवर पांढरं दव धरलं होतं, कारण आतल्या प्रोपेनची वाफ होताना सिलिंडर गारठतो.

वहिनी बाळाला घेऊन खाली आली, पण टपालपेटीच्या पलीकडेच थांबली. वर बघितलं. खिडकी बंद, अलार्म गप्प.

"आणि पाऊस आला की?" तिने विचारलं.

पाऊस आलाच होता. दादाने जॅकेटची टोपी वर ओढली आणि टोप ढवळायला लागला.