शेवटच्या गाडीची वाट



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, की माझ्या चौथीच्या वर्गात पहिला तास गप्पांचा असतो. कोण मामाच्या गावाला गेलं, कुणी किल्ला केला, कुणाचा दात पडला! सगळ्यांचं सांगून झालं, की मुलं मला विचारतात, "सर, तुम्ही कुठं गेला होता?" या वेळी मी म्हणालो, "कोकणात. मोटारसायकलवरून!" वर्गात जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगतो.

आम्ही सातारा जिल्ह्यातले आठ शिक्षक आणि आमच्या पाच मोटारसायकली. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून दापोली आणि संध्याकाळी हर्णै बंदर. बंदरावर मासळीचा लिलाव अगदी रंगात आला होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. हा किल्ला १७५५ साली इंग्रजांनी घेतला, तोवर तो आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा आधार होता.

रात्री जेवणं झाल्यावर आबांनी सगळ्यांना बोलावलं. आबा म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ शिक्षक. ते म्हणाले, "उद्यापासून समुद्राकाठचा रस्ता. वळणं फार. तीन नियम पाळायचे. एक, मागे बसणाऱ्यानंही हेल्मेट घालायचं. दोन, पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. तीन, जिथं रस्ता फुटतो तिथं थांबायचं. मागची गाडी दिसली की मगच निघायचं. मी सगळ्यांत शेवटी असेन."

दोन सेकंदांचं अंतर कसं मोजायचं? सोपं आहे. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी पोचली, की मनात म्हणायचं, "एक हजार एक, एक हजार दोन." तेवढं म्हणून होण्याआधीच आपण त्या झाडापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत! ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. म्हणजे दोन सेकंदांचे झाले बावीस मीटर. करून बघा गणित!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. एका बाजूला आमराया, दुसऱ्या बाजूला मधूनच चमकणारं पाणी, आणि घरांचे, कुंपणांचे लालसर जांभ्या दगडाचे चिरे. आता दाभोळ यायचं होतं. तिथं वाशिष्ठी नदीची खाडी आडवी येते. खाडी म्हणजे नदीच्या मुखाचा तो भाग, जिथं भरतीचं पाणी आत शिरतं. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या इथं समुद्राला मिळतात, म्हणून किनाऱ्याचा रस्ता पुन्हा पुन्हा अडतो. दाभोळहून पलीकडच्या धोपाव्याला फेरीबोट जाते. तिच्यात माणसांबरोबर मोटारसायकली, मोटारीसुद्धा चढतात! दहा-पंधरा मिनिटांत पैलतीर. बोट नसेल, तर चिपळूणवरून लांबचा वळसा.

माझी गाडी तिसरी होती. दाभोळच्या अलीकडे एक फाटा लागला. तिथं चौथ्या गाडीसाठी थांबायचं काम माझं. तेवढ्यात खालून बोटीचा भोंगा ऐकू आला. मला वाटलं, एवढा मोठा रस्ता, चुकणार कसा? मी न थांबता गाडी पुढं काढली. आमच्या तीन गाड्या बोटीत चढल्या आणि बोट सुटली. धक्क्याकडे वळून पाहिलं, तर मागच्या दोन गाड्यांचा पत्ता नाही!

धोपाव्याला उतरून आम्ही वाट पाहत बसलो. फोन लावला, तर रेंज नाही. पुढची बोट आली. त्यात ते नव्हते. मग मात्र माझ्या पोटात गोळा आला. त्याच बोटीनं मी परत दाभोळला गेलो आणि उलट्या रस्त्यानं निघालो.

फाट्याच्या थोडं पुढं, वळणावर ते दिसले. आमचा सगळ्यांत धाकटा शिक्षक रस्त्याकडेच्या ओट्यावर बसला होता. गुडघा आणि कोपर सोलवटलेलं. शेजारच्या घरातल्या आजी तांब्यातल्या पाण्यानं जखम धूत होत्या. रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून त्याची गाडी घसरली होती. मोटारसायकल दोन चाकांवर तोल सांभाळते, आणि वळणावर वाळू आली की चाकाची पकड सुटते.

आबांनी त्याचं हेल्मेट माझ्या हातात दिलं. त्यावर वीतभर लांब खोल ओरखडा होता. तो ओरखडा हेल्मेटवर होता, म्हणून डोक्यावर नव्हता.

"फाट्यावर कुणी दिसलं नाही," तो म्हणाला. "आधी भलत्याच रस्त्यानं गेलो. मग तुम्हाला गाठायचं म्हणून जोरात निघालो."

आबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. वर्गात मी रोज मुलांना रांगेत चालायला शिकवतो, आणि मीच रांग मोडली होती!

दाभोळमध्ये डॉक्टरांना दाखवलं. हाड मोडलं नव्हतं. पलीकडे गेल्यावर आम्ही नवा नियम केला : आता शेवटची गाडी ठरवेल तोच सगळ्यांचा वेग. आणि गंमत म्हणजे, हळू चालल्यावर कोकण जास्त दिसायला लागलं. गुहागरला सुरूच्या बनात भाकरी खाल्ली. हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं. तिथंच किनाऱ्यावर 'बामणघळ' आहे. खडकातली अरुंद भेग ती. भरतीची लाट आत घुसली, की कोंडलेलं पाणी कारंज्यासारखं उंच उडतं! पण पाहायचं ते लांबूनच हं! तिथला खडक निसरडा असतो.

तवसाळला शास्त्री नदीची खाडी. आम्ही पोचलो आणि बोट डोळ्यांदेखत सुटली. या वेळी कुणीही घाई केली नाही. धक्क्यावर बसून जाळी विणणाऱ्या मामांचे हात पाहत राहिलो. पुढच्या बोटीनं जयगड गाठलं.

मग मालगुंड. कवी केशवसुतांचा जन्म इथं १८६६ साली झाला. त्यांचे वडील शिक्षक होते आणि केशवसुत स्वतःही शिक्षक. तिथं आम्हा आठ शिक्षकांनी नमस्कार केला. गणपतीपुळे झालं, आरे-वारेचे दोन किनारे झाले, आणि दिवेलागणीला रत्नागिरी आली. लोकमान्य टिळकांचं हे जन्मगाव. पाचही गाड्या एकदम गावात शिरल्या, याचाच मला सगळ्यांत जास्त आनंद झाला.

मुलांनो, तुम्ही मित्रांबरोबर सायकलवरून जाता ना? मग फाट्यावर मागच्यासाठी थांबा. आणि आई-बाबांच्या गाडीवर बसताना स्वतःचं हेल्मेट मागा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते हवं, असा कायदाच आहे. आई-बाबा घाईत असतील, तर त्यांना त्या ओरखड्याची गोष्ट सांगा.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ते धाकटे सर पुन्हा तुमच्याबरोबर येणार का?"

येणार आहेत. पुढच्या सुट्टीत आम्ही मालवणला जाऊ. त्या वेळी शेवटची गाडी माझी असेल.