सेहरीची सहा अंडी

या रमजानच्या सुरुवातीला सेहरीत आमच्या थोरल्याच्या ताटात सहा अंडी असायची आणि धाकट्या मुलीपुढे चहा-पाव. तो जिमला जातो ना! शिवाय दुधात पावडरचे दोन मोठे चमचे. तीन हजारांचा तो डबा आम्हीच आणून दिला होता.

एका रात्री तरावीहनंतर आम्ही नवरा-बायकोने वहीत हिशोब मांडला. व्यायाम करणाऱ्याला स्नायू वाढवायला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. त्यापुढे सहसा फायदा दिसत नाही. ६० किलोच्या पोराला ९६ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. अंडी, पावडर, इफ्तारनंतरचं चिकन, डाळ-रोटी मिळून बेरीज १५० च्या वर गेली. जास्तीचं शरीर जाळून टाकतं किंवा चरबी करतं. त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. आमचे पैसेही त्याच वाटेने!

आणि वाढीच्या वयातल्या मुलीचा हिशोब आम्ही कधी मांडलाच नव्हता.

"अब्बा, जिमचे सर तर दोनशे ग्रॅम सांगतात," तो म्हणाला.

आता सेहरीला त्याला तीन, तिला दोन. तो रुसलाय. ती पिवळं बाजूला काढते, आणि ते तोच उचलून खातो.