मॅट एकसारख्या, तंतू वेगळे

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी आणि माझ्या मैत्रिणीनं इलेक्ट्रोस्पिनिंग, म्हणजे विजेच्या ताणानं पॉलिमरच्या द्रावणातून तंतू ओढण्याची पद्धत, घेतली. प्रश्न साधा होता: द्रावणात पॉलिमर किती असला की सलग नॅनोतंतू मिळतो? पीव्हीए (पॉलिव्हायनिल अल्कोहोल) हा पॉलिमर निवडला, कारण तो पाण्यात विरघळतो, विषारी द्रावक हाताळावे लागत नाहीत. विरघळतो मात्र सावकाश. मॅग्नेटिक स्टररवर ८०-९० अंशांना निवांत ढवळत ठेवावा लागतो. घाई केली तर गुठळ्या राहतात आणि सुई तुंबते. आम्ही ६, ८ आणि १० टक्क्यांची द्रावणं केली.

सिरिंज पंप तासाला अर्धा मिलिलिटर द्रावण पुढे ढकलतो. सुईसमोर १५ सेंटीमीटरवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि दोहोंमध्ये १५-२० हजार व्होल्ट. अर्थिंग तपासल्याशिवाय सर बटणाला हात लावू देत नसत. व्होल्टेज वाढवत नेलं की सुईच्या टोकाशी लोंबणारा थेंब ताणला जाऊन निमुळता होतो. हाच टेलर शंकू. जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं. ते गणित डोळ्यांसमोर घडताना पाहिलं आणि मी हरखून गेले. शंकूच्या टोकातून निघालेली धार थोडं अंतर सरळ जाते. मग तिच्यावरचे विद्युतभार एकमेकांना ढकलतात आणि ती गरगर वळसे घेऊ लागते. या वळशांतच ती ताणून बारीक होते, पाणी उडून जातं आणि फॉइलवर कोरडा तंतू पोहोचतो. असे तंतू साचून जो थर बनतो, ती मॅट.

पुण्यातल्या पावसाळ्यात हे सहज होत नाही. हवा दमट असली की तंतू ओलेच पोहोचतात आणि एकमेकांना चिकटतात. त्यामुळे प्रत्येक नमुन्यापुढे वहीत तापमान आणि आर्द्रता लिहायचीच, असा आमचा नेम होता.

तिन्ही मॅट दिसायला सारख्याच, पांढऱ्या आणि मऊ. फरक कळला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. पॉलिमर वीजवाहक नसल्यामुळे तुकड्यांवर आधी सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर चढवावा लागतो. ६ टक्क्यांच्या नमुन्यात तंतूंवर जागोजागी मणी ओवल्यासारखे फुगवटे होते. ८ टक्क्यांत ते तुरळक झाले आणि १० टक्क्यांत तंतू सलग दिसले. द्रावण पातळ असलं की पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतत नाहीत आणि पृष्ठताण धारेचे थेंब करू पाहतो. हे वाचलेलं होतं, पण पटलं ते स्क्रीनवर.

छायाचित्रं मॅटच्या मधूनही घ्यायची आणि कडेनंही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. इमेजजे या प्रतिमा मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका तंतूवर आडवी रेघ ओढून जाडी मोजली. बहुतेक तंतू दोनशे ते चारशे नॅनोमीटरचे निघाले. अहवालात सरासरीच्या जोडीला हा विस्तारही आलेख काढून दिला.

जखमेवरची पट्टी असो वा हवा गाळणारा पडदा, उपयोग ठरतो तो तंतूंच्या जाडीवर आणि त्यांच्यामधल्या छिद्रांवर. म्हणून मॅट बनवण्याइतकाच वेळ ती तपासायलाही राखून ठेवा, असं मी प्रत्येक नव्या बॅचला आग्रहानं सांगते.