रुळांपलीकडची वाट

आगगाडी माणसांना जवळ आणते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरेच आहे. परंतु ज्या गावांतून ती जाते त्यांना मधोमध कापीत जाते, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला गेली, तेव्हा चौतीस किलोमीटरवरचे गाव शेजारी आले. आणि रुळांच्या अलीकडचे व पलीकडचे शेजारी मात्र हळूहळू एकमेकांना दूर होऊ लागले. मुंबईच्या उपनगरांत ही फाळणी पत्त्यातच लिहावी लागते. दादर पूर्व, दादर पश्चिम. डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम. तेथे पूर्व आणि पश्चिम या दिशा सूर्यावरून ठरत नाहीत, रुळांवरून ठरतात.

माझे बालपण फाटकाच्या गावात गेले. बाजार रुळांच्या एका बाजूस, शाळा दुसऱ्या बाजूस, आणि दोहोंमध्ये ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे फाटक. ते पडले की बैलगाड्या थांबत, मोटारी थांबत; सायकलवाले मात्र सायकल आडवी कलती करून दांड्याखालून काढीत आणि दोन्ही बाजूंना नजर टाकून पार होत. दुधाच्या किटल्या अडकवलेल्या गवळ्याला तेवढे जमत नसे. तो एक पाय जमिनीवर टेकवून निमूटपणे उभा राही. पुढे कधीतरी मोटारींसाठी उड्डाणपूल झाला आणि ठरल्याप्रमाणे फाटक कायमचे बंद करण्यात आले. मोटारींची सोय झाली, यात शंका नाही. पण ज्याला केवळ शंभर पावलांवरच्या दुकानात जायचे होते, त्याच्या वाट्याला पुलाचा लांबच लांब चढ आला आणि वाहनांच्या गर्दीत अंग चोरून चालणे आले. काही दिवसांतच रुळांकडेच्या भिंतीला जुन्या वाटेवर नेमके एक भगदाड पडले.

अशी भगदाडे मी नंतर अनेक शहरांत पाहिली. भिंत बुजवली जाते, आणि ती पुन्हा फुटते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम अशा माणसाला गुन्हेगार ठरवते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्याला होऊ शकतात. कायद्याच्या दृष्टीने ते रास्तही असेल. तथापि मला वाटते, त्या भगदाडापाशी उमटलेली पायवाट ही लोकांनी स्वतःच्या पायांनी केलेली मोजणी असते. पूल कोठे हवा होता, हे ती पायवाट कोणत्याही नकाशाहून अधिक सरळपणे सांगते. ती वाचण्याऐवजी आपण ती बुजवतो, आणि पूल जेथे जागा मोकळी सापडेल तेथे बांधतो.

शिवाय पूल चढायचा असतो, आणि त्याचे गणित शरीराला करावे लागते. गाडीच्या डोक्यावर विजेची तार, तारेवर सुरक्षित अंतर, त्यावर पुलाचा तळ. असे धरता धरता पादचाऱ्याला रुळांपासून सुमारे साडेसहा मीटर उंच जावे लागते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर त्रेचाळीस-चव्वेचाळीस पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. गुडघे दुखणारी म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई, डोक्यावर पाटी असलेली कोळीण यांनी हे दिवसातून दोनदा करावे, अशी आपली अपेक्षा असते. सायकलीसाठी बारास एक असा उतार द्यायचा म्हटला, तर त्याच उंचीला अठ्ठ्याहत्तर मीटर लांबी लागते. एवढी जागा नसेल तर पायऱ्यांच्या कडेने चाकापुरती एक पन्हळ ठेवता येते. तिला खर्च तो कितीसा? पण आपल्याकडच्या बहुतेक पुलांवर तीही नसते, कारण आराखडा करणाऱ्याच्या मनात सायकलवाला मुळी आलेलाच नसतो.

भुयारी मार्गाचे गणित माणसाला अधिक अनुकूल आहे. गाडीला तारेची उंची लागते, माणसाला केवळ माणसाची; त्यामुळे साडेतीन मीटरच्या आसपास उतरले की काम भागते, आणि सायकलस्वाराला उतरताना मिळालेला वेग पुढचा चढ चढताना उपयोगी पडतो. मात्र भुयाराचा शत्रू पाणी. दिल्लीत राहू लागल्यापासून मिंटो पुलाखाली पावसाचे पाणी तुंबल्याची बातमी मी जवळजवळ दरवर्षी वाचतो. जुलै २०२० मध्ये त्या पाण्यात एका वाहनचालकाचा प्राण गेला. दुसरा शत्रू अंधार. वळणे घेत जाणाऱ्या अरुंद भुयारात संध्याकाळनंतर एकटी बाई शिरत नाही. ती रूळच ओलांडते. मार्ग रुंद, सरळ आणि उजळ असावा, पलीकडचे टोक अलीकडून दिसावे, एवढे साधे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधते. ॲमस्टरडॅमच्या मुख्य स्थानकाखालून २०१५ साली खुला झालेला एकशे दहा मीटरांचा मार्ग केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी आहे. तेथे त्यांचा विचार अगोदर झाला, म्हणून तो झाला.

आपल्याकडे हा विचार शेवटी होतो, आणि त्याची किंमत जिवांनी मोजली जाते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली दिलेल्या अहवालात, रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात आणि त्यांतील सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असे नमूद केले होते. सँडहर्स्ट रोड आणि भायखळा यांच्या दरम्यानचा जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडण्यात आला. त्याच्या जागी पुन्हा पूल येऊन तो वापरात यायला २०२२ साल उजाडले. मधल्या वर्षांत दोन्ही बाजूंच्या लोकांनी काय केले असेल, हे सांगायला हवे का? मुलांना शाळेत जायचेच होते. याउलट २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली, तेव्हा सैन्याला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तेथे नवा पादचारी पूल उभा होता. म्हणजे पाच महिन्यांत पूल होऊ शकतो. लोखंड तेच होते, स्थापत्यशास्त्रही तेच. फक्त निकड पटण्यासाठी तेवीस मृत्यू घडावे लागले.

म्हणून नव्या मार्गांची आखणी करणाऱ्यांकडे माझे मागणे फार मोठे नाही. फाटक बंद करण्याआधी पायी जाणाऱ्याची वाट खुली करावी. जुना पूल पाडण्याआधी तात्पुरता का होईना, दुसरा उभारावा. आणि कागदावर रेघ ओढण्यापूर्वी एक सकाळ त्या भगदाडापाशी उभे राहून काढावी. तेथून कोण जातो, त्याच्या हातांत काय असते, तो कोठे थबकतो आणि कोठे धावतो, हे पाहावे. धावणाऱ्या त्या माणसाला मरायचे नसते. त्याला फक्त पलीकडे जायचे असते.