आईनं आणून दिलेली वाद्यं

मैत्रिणींनो, मुलीसाठी वाद्य घ्यायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पेटी येते, फार तर सतार. आमच्या धाकटीला मात्र ड्रम हवाय! सासूबाई म्हणतात, “पोरीच्या जातीला ही बडवाबडवी कशाला?” ह्यांचं म्हणणं, आधी बारावी होऊ दे. मी दोघांचंही ऐकून घेतलं. मग धाकटीनं मला ज्या बॅण्डची गाणी ऐकवली, त्याची माहिती मिळवली. तीच आज तुम्हाला सांगते.

बॅण्डचं नाव ईएसजी. न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्स भागातल्या स्क्रॉगिन्स बहिणींचा हा बॅण्ड. १९७० नंतरची ती वर्षं त्या वस्तीला फार वाईट गेली. इमारतींना आगी लागत होत्या, रस्त्यावर गुंडगिरी आणि नशापाणी. वयात आलेल्या मुलींच्या आईची काय अवस्था झाली असेल, ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. या माउलीनं मुलींना कोंडून घातलं नाही. तिनं त्यांना वाद्यं आणून दिली. हात गुंतले की पाऊल वाकडं पडत नाही, एवढा साधा हिशेब!

१९७८ साली बॅण्ड उभा राहिला. रेने गायची, व्हॅलेरी ड्रम वाजवायची, डेबोरा बास गिटार आणि मेरी काँगा, म्हणजे हातानं वाजवायचा उंच ढोल. नावातला ‘ई’ म्हणजे एमराल्ड, पाचू. ‘एस’ म्हणजे सफायर, नीलम. ही दोघी बहिणींची जन्मरत्नं. आणि ‘जी’ म्हणजे गोल्ड, कारण गाजलेल्या रेकॉर्डला सोन्याची तबकडी मिळते ना, तिची आस!

त्यांचं संगीत कसं? घरात जेम्स ब्राउनची गाणी, जोडीला डिस्को, आणि उन्हाळ्यात खालच्या बागेत लॅटिन शेजारी काँगा वाजवत बसायचे, तो ठेका. हे सगळं त्यांनी एकत्र केलं, पण वाद्यं मोजकीच आणि सूरही मोजकेच. घरात आहे तेवढ्यात झणझणीत पिठलं करावं, तसं. पंक संगीताचा रोखठोकपणा आणि पाय थिरकवणारा ठेका या मिश्रणाला पुढं ‘डान्स-पंक’ म्हणू लागले. त्या वाटेवरच्या पहिल्या काही जणांत या बहिणी मोडतात.

इंग्लंडच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सनं १९८१ साली त्यांची तबकडी काढली. ध्वनिमुद्रण संपलं तरी टेप तीनेक मिनिटं उरली होती. उरलेल्या कणकेची शेवटची चानकी लाटावी, तसं त्यांनी त्या जागेत आणखी एक गाणं वाजवलं, ‘यूएफओ’. मँचेस्टरचा हॅसिएण्डा क्लब १९८२ साली उघडला, तेव्हा पहिल्याच रात्री त्या तिथं वाजवायला होत्या.

आता खरी गोष्ट ऐका. ‘यूएफओ’चे तुकडे कापून कितीतरी रॅप गायकांनी आपल्या गाण्यांत जोडले. याला सॅम्पलिंग म्हणतात. आपल्या कपाटातली साडी न विचारता कापून शेजारणीनं गोधडी शिवावी, गोधडीचं कौतुक व्हावं आणि आपल्या हाती काही येऊ नये, तशी गत झाली! या बहिणी रडत बसल्या नाहीत. १९९२ साली त्यांनी आपल्या तबकडीला नावच दिलं, ‘सॅम्पल क्रेडिट्स डोण्ट पे अवर बिल्स’. नुसता नामोल्लेख करून आमची बिलं भागत नाहीत, असा त्याचा अर्थ. घरचं शिवण, फराळाच्या ऑर्डरी करणाऱ्या आणि “वहिनी, हाताला काय चव आहे!” एवढ्यावरच बोळवण होणाऱ्या किती जणींना हे पटेल!

२००२ साली ‘स्टेप ऑफ’ हा त्यांचा आल्बम आला, तेव्हा रेनेची आणि व्हॅलेरीची मुलगीही बॅण्डमध्ये वाजवत होत्या. त्या आईची खरेदी नातींपर्यंत पुरली.

हे सगळं मी घरात वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, “बाई धोरणी होती हो!” ह्यांनी फक्त किंमत विचारली. माझ्या भिशीचा नंबर पुढच्या महिन्यात आहे. त्यातून जुना का होईना, ड्रम यायचाच. रियाज रोज संध्याकाळी तासभर, दारंखिडक्या लावून.

तुम्हीही मुलीला तिच्या आवडीचं वाद्य जरूर घेऊन द्या. आणि सोबत एक वहीही द्या. वाजवलं कुठं, ठरलं किती, मिळालं किती, हे लिहून ठेवायची सवय ठेक्याबरोबरच लागलेली बरी.