पारा म्हणजे काय?

परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाचं इंग्रजी तपासून घ्यायला रायपुरातली मुलं माझ्याकडे येतात. बहुतेक जण घरातले पहिलेच पदवीधर.

२०२२ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास, समाज हे संशोधनविषय वगळले गेले. भारत अभ्यासायला बाहेर कशाला, हा युक्तिवाद. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध १९१६ मध्ये तिथेच, कोलंबिया विद्यापीठात वाचला. परक्याला सांगताना गृहीत धरलेलं सगळं उलगडावं लागतं. भाषांतर करताना मी हे रोज अनुभवते.

अर्जात ‘पारा’ शब्द आला, की मुलं विचारतात, “दीदी, हा काढू?” मी म्हणते, राहू दे. पारा म्हणजे वस्ती, आणि ती अनेकदा जातीच्या नावाने का असते, तेही लिही.