सुरतेतील नाव आणि निनावी

वसईहून उत्तरेस निघालेली आगगाडी पालघर, वापी, नवसारी अशी ठाणी मागे टाकीत आम्हांस सुरतेस घेऊन आली. प्रथम आम्ही कतारगाम दरवाजाजवळील इंग्रजांचे जुने कबरस्थान पाहिले. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरतेवर स्वारी केली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची वखार राखणारा सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला. त्याच्या कबरीवरील घुमट एखाद्या नबाबास शोभावा असा आहे. कंपनीच्या या अधिकाऱ्याचे नाव साडेतीनशे वर्षे टिकले. परंतु ज्या विणकरांचे कापड त्या वखारीने समुद्रापार धाडले, त्यांची नावे तेथे कोठेही कोरलेली नाहीत.

हाच विचार मनात घोळवीत आम्ही लिंबायत व उधना भागात गेलो. येथे खानदेशी बोली पदोपदी कानी पडते. यंत्रमागांवर ओडिशातील गंजाम जिल्ह्याचेही असंख्य तरुण राबतात. बारा तासांची पाळी आटोपून एकजण खोलीवर येतो, तो दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या पथारीवर अंग टाकतो.

एका खानदेशी बांधवास आम्ही विचारले, "दादा, पगाराची चिठ्ठी मिळते का?"

तो हसून म्हणाला, "चिठ्ठी कसली, साहेब? मालक ओळख देतो तोवर आपण कामगार!"

या हसण्याने आम्ही खिन्न झालो. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याचे बोट यंत्रात गेले तर भरपाई कोणाकडे मागावी? एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने कारखान्यांस बारा तासांचे काम व जादा तासांस साधाच दर अशी मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ती रद्द केली व जादा वेळेचे कायदेशीर वेतन देण्यास फर्मावले. निर्णय मोलाचा खरा. पण निनावी माणसाच्या पदरी तो पडणार कसा?

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ साली मान्य केलेली तत्त्वे सांगतात की, व्यापाऱ्याची जबाबदारी स्वतःच्या कुंपणाशी संपत नाही. माल पुरविणाऱ्याच्या कामगारापर्यंत ती पोचते. पोप तेरावे लिओ यांनीही १८९१ साली आपल्या परिपत्रकात न्याय्य वेतन हा कामगाराचा हक्कच ठरविला होता.

वाचकहो, सुरतेच्या गिरणीमालकास दोष देणे सोपे आहे. आपल्या वाडीवर, आपल्या होडीवर राबणारा मजूर आहे ना? त्याचे पूर्ण नाव आपणांस ठाऊक आहे काय? आज सायंकाळी ते विचारून घ्या, वहीत लिहा, आणि त्यापुढे त्याची मजुरी चोख मांडा.